डाव्या कानाचं घुंगरू

"यंदा टुम्पाच्या होणाऱ्या सासरी पाठवायच्या बड्या छोटोबऊ घालील," सासूबाई गच्चीच्या दारातून म्हणाल्या. "धाकटी सून असली तरी ती चित्रकलेचं शिकलीय. व्याह्यांच्या दारात ताट उघडलं की बघत राहायला हवेत लोक."

तरुलताचा हात उडदाच्या वाटणात बुडालेला होता. तो क्षणभर थांबला... आणि पुन्हा गरगर फिरू लागला. थोरल्या सुनेच्या तोंडातून त्या घरात तसाही कधी फारसा शब्द फुटत नसे!

पौषातलं कोवळं ऊन तरुलताच्या सासरी, माइतींच्या गच्चीवर नुकतंच उतरत होतं. तमलुक गावच्या घराघरांत आता बड्यांची, म्हणजे उडदाच्या सांडग्यांची घाई. पण माइतींकडच्या दागिन्यांच्या आकाराच्या बड्या म्हटलं की आळीतल्या बायका थाळी घेऊन बघायला यायच्या. पांढरंशुभ्र वाटण, फडक्यात खोचलेली पत्र्याची नळी, खाली खसखशीची सोनेरी गादी, आणि तरुलताच्या बोटांतून सरसर उतरणारे हार, कंकणं, झुमके. लहानपणी तिला चित्रकार व्हायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच. पण वेड कुठं जातंय? थापलेल्या भाकरीवर बोट ओढूनसुद्धा ती एखादी वेल काढायची आणि मग भाजायची. घरचे खाताना एवढंच म्हणायचे, की खमंग झालीय.

आणि आता हेही काढून घेतलं. कुणी, तर या धाकट्या जावेनं!

धाकटा दीर सौमेन कोलकात्याला चित्रकला शिकायला निघाला तेव्हा सासरे नुकतेच गेले होते. आपल्याला नाही जमलं, निदान या घरातल्या कुणाला तरी जमू दे, म्हणून तरुलतानं लग्नातला सीताहार, कंकणं, कानातले आपणहून उतरवले आणि विकायला म्हणून सासूबाईंच्या पदरात टाकले. त्यानंतर त्या दागिन्यांचं नाव कुणी घेतलं नाही. सौमेन शिकला, आणि त्याच कॉलेजातून त्यानं ही ईशिता आणली. गोरी, हसरी, चार माणसांत धीटपणे बोलणारी. माझ्याच सोन्यावर चालत ही माझ्या घरात आली आणि माझ्याच पाटावर बसली, या विचारानं तरुलताच्या अंगाचा तिळपापड झाला.

ईशिता न्हाऊन, ओले केस बांधून वर आली. पाटावर टेकत तिनं विचारलं, "दीदीभाई, वाटण झालं का हो?"

झालं नव्हतं. नीट फेटलेल्या वाटणाचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. मघाशी टाकलेला थेंब तळाला जाऊन बसला होता. अशा वाटणाच्या बड्या दगडासारख्या होतात, उचलताना तुकडे पडतात. व्याह्यांच्या दारात ताट उघडलं की लोक बघत राहतील खरे...

"झालंय," तरुलता म्हणाली आणि हात धुऊन खाली गेली.

खाली तिनं मासे निवडले, चूल फुंकली. गच्चीवरून लग्न ठरलेल्या नणंदेचं, टुम्पाचं हसणं ऐकू येत होतं, सासूबाईंचं कौतुक ऐकू येत होतं. पण तिच्या कानात घुमत होता तो आपण बोललेला एकच शब्द. टुम्पाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्या पोरीच्या ताटात आपण दगड घातले!

दुपारी सगळे लवंडले तशी ती दबक्या पावलांनी वर गेली. थाळ्या उन्हात मांडलेल्या होत्या. पहिल्या थाळीत बुढा-बुढी, म्हणजे म्हातारा-म्हातारी म्हणून पुजायच्या दोन जाड बड्या, शेंदूर लावून, दूर्वा ठेवून, रीतीप्रमाणे. दुसऱ्या थाळीत...

तिचा सीताहार होता. पाच पदरांचा, मधे कमळाचं पदक. शेजारी तिचीच माशाच्या तोंडाची कंकणं. आणि दोन झुमके. उजव्याला सात घुंगरं, डाव्याला सहा.

लग्नाच्या गर्दीत डाव्या कानातलं एक घुंगरू पडलं होतं. दरवर्षी बड्या घालताना ती तेवढी जागा रिकामी ठेवायची, आणि दरवर्षी सासूबाई म्हणायच्या, तुझा हात चुकतो बाई. आता ही माझी चूकही गिरवून चार लोकांत मिरवणार!

मागं पाऊल वाजलं. ईशिता उभी होती.

"टिंगल करतेस माझी?" तरुलता गर्रकन वळली. "डाव्याला सहाच घुंगरं का ठेवलीस?"

"तुमच्या लग्नाच्या फोटोत सहाच आहेत, दीदीभाई. मी रोज बघते तो फोटो. दागिने कुठं गेले म्हणून यांना विचारलं, तर मान खाली घातली यांनी. मग सगळं सांगितलं. इतकी वर्षं शिकले मी. पण तुमच्या हातची रेघ मला येत नाही. हे जेवताना तुमचीच भाकरी उजेडात धरून बघतात. जळते मी तुमच्यावर."

तरुलता थाळीपाशी टेकली. जळणारी आपण एकटीच नव्हतो तर...

"अगं, ते वाटण झालं नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "मी खोटं बोलले तुझ्याशी."

"ठाऊक आहे. थेंब बुडाला." ईशितानं उजवा तळवा पुढं केला. तो लालभडक सुजला होता. "मग तरंगेपर्यंत फेटलं. दरवर्षी कसं हो जमतं तुम्हाला?"

तरुलतानं तो तळवा आपल्या गालाशी धरला आणि इतक्या वर्षांचं सगळं त्यावर वाहून गेलं.

माघात टुम्पाच्या लग्नाची ताटं निघाली. झाकायच्या आधी सासूबाईंनी बड्यांवर नजर फिरवली आणि डाव्या झुमक्यापाशी अडल्या. "छोटोबऊ, तुझाही हात चुकला का गं?"

ईशितानं भिंतीवरच्या तरुलताच्या लग्नाच्या फोटोकडं बोट केलं. सासूबाई चष्मा पुसून फोटोजवळ गेल्या. परतल्या तेव्हा त्यांचा पदर डोळ्यांना होता.

ताट उचलणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "सांभाळून ने. आणि व्याह्यांनी विचारलं तर सांग, हात धाकट्या सुनेचा आहे, दागिने थोरलीचे आहेत."

तरुलताचा हात नकळत आपल्या डाव्या कानाकडं गेला. कान उघडाच होता, पण आज तिनं तो पदराखाली झाकला नाही.