टोकावरचं गवत

“काळा खडक उजवीला, पाणी ठेव डावीला,
मधून ये गं माझ्या लेकी, धीर देते पायाला...”

आईचा हा आवाज तिनं शेवटचा ऐकला तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. ओहोटीला द्वीपकल्पाची चिंचोळी मान ओलांडताना बायका ही ओवी म्हणत आणि पोरं त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. पुढं गाव बोटींनी तिथून उठलं. त्याच दिवशी आईला लाटेनं नेलं, एवढंच वडील सांगत.

आज रोपवाटिका चालवणारी ती लेक त्याच मानेवर धुक्यात उभी होती. सोबत तिचे वडील, एकेकाळचे नावाडी, आणि किनारा मोजायला नेमलेला एक मोजणीदार.

त्यांना हवं होतं मूठगवत. हातभर खोल मुळांचं, वाळू मुठीत आवळावी तसं धरून ठेवणारं. एके काळी सगळं द्वीपकल्प त्यानं हिरवं होतं. माणसं आली, त्यांनी ते कापून घरं शाकारली. शेळ्या आल्या, त्यांनी उरलंसुरलं खाल्लं. वाळू मोकळी झाली, समुद्रानं मान कुरतडली आणि गाव मागं किनाऱ्यावर सरकलं. आता समुद्र तिथंही उंबऱ्यापर्यंत आला होता. तिनं लावलेलं कुठलंच गवत तगलं नव्हतं. मूठगवत उरलं असलंच तर टोकावर, जुन्या गावाच्या जागी.

“बाबा, खडक दिसला. उजवीकडं ठेवू या.”

वडिलांनी खांद्यावरचा दोर सारखा केला. टोकाचा विषय निघाला की त्यांची दातखीळ बसे.

“ओवीवर मोजणी व्हायला लागली तर माझी नोकरी गेलीच म्हणायची,” म्हणत मोजणीदार पुढं झाला.

आणि कमरेपर्यंत खचला!

“हलू नका,” वडील म्हणाले. ते पोटावर आडवे झाले. दोर फेकला. तिनं त्यांचे पाय धरले. ओढ. थांब. पुन्हा ओढ. भरतीचं पाणी कोपराला लागलं, हनुवटीला लागलं. माणूस सुटला. कुदळ, पिण्याचं पाणी आणि त्याचा एक बूट मात्र वाळूनं गिळला.

“खडक जागेवरच आहे,” वडील धापा टाकत म्हणाले. “वाळू सरकली.”

इतकी वर्षं तिनं जिवापाड जपलेली आईची ओवी आता माणसं बुडवत होती.

काठीनं तळ चाचपत ते कसेबसे टोकावर चढले. धुकं विरलं. खाली खडकाच्या पलीकडून गेलेली नवी, उथळ वाट स्वच्छ दिसली. “पुढच्या ओहोटीला सुटलो,” मोजणीदार म्हणाला. “मी लंगडी घालत येईन.”

समोर नुसती करडी वाळू होती. भिंतींची टोकं तिच्यातून दातांसारखी वर आलेली. ना झुडूप, ना पाखरू. फक्त त्यांच्याच पडक्या घरामागं परातीएवढा एक हिरवा झुबका वाऱ्यात हलत होता.

“एवढ्यानं काय गाव वाचणार?” मोजणीदार पुटपुटला.

“नाहीही वाचणार,” ती म्हणाली आणि गुडघे टेकून वाळू उकरू लागली. वडिलांनी तिचं मनगट धरलं.

“हे उपटलं तर इथली वाळू उडून जाईल.”

“उडू दे ना बाबा. तिकडं माणसं आहेत. इथं कोण आहे आता?”

वडिलांनी मनगट सोडलं. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी वाळू बाजूला सारू लागले. निजलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सारावं तशी. मुळं दिसली. तिनं जोरात ओढायला हात घातला.

“हळू,” ते म्हणाले. “तुझ्या आईला लाटेनं नाही नेलं गं. गाव उठायच्या आदल्या दिवशी तापानं गेली. कळलं असतं तर तू बोटीत चढली नसतीस. वाळू उडू नये म्हणून हे गवत मीच लावलं. घे, सगळं घे. पण हळू. खाली ती आहे.”