पाऊण तासाचा प्रवास

आई अंथरुणाला खिळल्यापासून दर शनिवारी दुपारचं विमान पकडायचं, हे ठरूनच गेलं होतं. ती दादाकडे, मी दुसऱ्या शहरात. गाडीने जायचं तर अख्खा दिवस मोडतो. विमानाने पाऊण तास. मी पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. आठवडाभर राबून विमानात बसलो की पट्टा लावायच्या आत डोळा लागायचा, तो चाकं जमिनीला टेकेपर्यंत.

तरी उतरताना अंग आंबलेलं असायचं. सकाळीच केलेल्या दाढीचे खुंट हाताला टोचायचे. "भाऊजी, दाढी तरी करून येत जा," वहिनी म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. पण एकदा नखंही वाढलेली दिसली, तेव्हा ठरवलं, पुढच्या खेपेला झोपायचं नाही.

त्या शनिवारी विमान वर गेलं. समोरच्या पडद्यावर नकाशा, त्याखाली उरलेलं अंतर. चहा आला, कप गोळा झाले. मग पुन्हा चहा आला. अंतराचा आकडा हलायचा, पण मधेच बराच वेळ एका जागी थांबायचा. माझ्या डाव्या गुडघ्यावर उन्हाचा पट्टा पडला होता, तो काही सरकेना. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा हवाई सुंदरीने न विचारताच बिनसाखरेचा दिला. मला तसाच लागतो.

शेजारचे गृहस्थ जांभई देत म्हणाले, "आज जागे? उगाच त्रास करून घेताय."

"आपली ओळख आहे?"

"असं काय करता? किती दिवस शेजारी बसतोय आपण." त्यांनी डोळे मिटले. "मीही आधी जागायचो. वेळ जात नाही हो. झोपा."

"पण पोचणार कधी?"

"पोचतो की. नेहमीच पोचतो."

मी जागा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. पुढे पुढे मी फक्त चहाची वाट बघत होतो.

चाकं टेकली. माझ्या घड्याळात पाऊण तास झाला होता. शेजारचे गृहस्थ ओळख न दाखवता उतरून गेले.

वहिनीने दार उघडलं. तिने माझ्या दाढीकडे पाहिलं, मग केसांकडे. नुसती बाजूला झाली.

आई उशीला टेकून बसली होती. हल्ली ती कुणालाच ओळखत नव्हती. मला बघून मात्र तिचा चेहरा उजळला. तिने केस सारखे केले.

"अहो, आलात?" ती म्हणाली. "किती उशीर."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

"तिचं असंच चाललंय रे," दादा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मभर त्याने मला 'गाढवा' अशीच हाक मारली.

मग त्याने वर पाहिलं.

पेपर हळूच खाली ठेवला. उठला. आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा," तो म्हणाला.