मधला तुकडा

"माझ्या डोळ्यांम्होरं जाळाय सांग तिला!" राहीबाई लेकाला म्हणाल्या, आणि चुलीपुढून सरकून त्यांनी सुनेला जागा करून दिली.

शालूच्या हातात फिल्मची दोन हात लांबीची पट्टी होती. करंगळीपेक्षा अरुंद, आणि तिच्यावर मुगाच्या डाळीएवढी चित्रं एकाखाली एक बसलेली... त्या प्रत्येक चित्रात शालूच होती! वरच्या चित्रांत कपाळावर कुंकू, खालच्या चित्रांत कपाळ मोकळं.

उंबऱ्यात तिचा धाकटा दीर कृष्णात उभा होता. स्वतःच्या पिच्चरमधून ब्लेडनं कापून तोच ती पट्टी घेऊन आला होता, आणि आता त्याचाच जीव निघत होता. "वैनी, नगा... दुसरी प्रत न्हाई तिची. एकदा गेली म्हंजे गेली!"

शालूनं दिराकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. दोघंही त्या पट्टीकडं बघत होती. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. तिनं पट्टी चुलीत सोडली.

धड पेटलीसुद्धा नाही मेली! अळीसारखी वळली, वितळली, आणि अशी घाण सुटली की राहीबाईंना खोकल्याची उबळ आली. कृष्णात पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "तुमी जाळलीत वैनी. तुमच्या हातानं!"

व्हय बाबा, माझ्याच हातानं. ह्या घरात भाकरीपासनं पापापर्यंत समदं माझ्याच हातानं हुतं!... असं शालू बोलली नाही. बोलायची तिला सवयच कुठं होती? तिनं फुंकणी उचलली आणि विझत आलेला जाळ फुंकायला घेतला. डोळ्यांना पाणी आलं, ते धुराचं म्हणून खपून गेलं.

शालू मेढ्याकडची, डोंगरातली. सोळाव्या वर्षी ती कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या या ऊसवाल्या घरात सून म्हणून आली. नवरा हंबीरराव फौजेत, वर्षातून दोन महिने दिसणारा. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच सासरे गेले. राहीबाईंनी त्या दिवसापासून संसारातून जे लक्ष काढलं ते काढलंच, आणि अकरा वर्षांच्या कृष्णाताचं न्हाणं, शाळा, दुखणी-खुपणी, सगळं त्या कोवळ्या सुनेच्या पदरात पडलं. तिला स्वतःला लेकरू झालं नाही. त्या रिकाम्या मायेचा सगळा लोट त्या एका पोराकडं वाहिला.

पोरगं शिकलं, सांगलीला कॉलेजात गेलं, विश्रामबागेत खोली घेऊन राहिलं. तिथं त्याला जोतीराम भेटला. हा विट्याचा, बापाचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला. त्या बापानं तिकडनं लेकासाठी किल्ली देऊन चालवायचा एक छोटा कॅमेरा आणला, आणि तेव्हापासून दोघांनी पुस्तकाला हात लावला असेल तर शपथ!

पिच्चर दहा मिनिटांचा, मुका. गोष्ट एका फौजीच्या बायकोची. तार येते, ती कुंकू पुसते, आणि पुढं जगत राहते. एवढंच. पण कुंकू पुसायचं म्हटल्यावर कॉलेजची एकही मुलगी उभी राहीना. पैशानं बाई मिळेना, विनवणीनं मिळेना. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत कृष्णात शालूपुढं येऊन बसला.

"वैनी, तुमी न्हाई म्हणालात तर पिच्चर मेला."

शालूचा हात कपाळाकडं गेला. धनी सीमेवर, आणि आपण कुंकू पुसायचं? नाटक खोटं असेल, पण हात तर खरा? कपाळ तर खरं? रात्र नाही, दिवस नाही, तिला तोच एक विचार. पण त्या पोरानं आजवर दुसरं काही मागितलं होतं का? ना कपडे, ना सायकल... तिनं देवापुढं नाक घासून माफी मागितली आणि होकार दिला.

मळ्यातल्या खोपीपुढं शूटिंग झालं. "रडा वैनी, मोठ्यानं रडा!" कृष्णात ओरडायचा.

"ती रडंल कशी? तिला रडाय येत न्हाई," शालू म्हणायची.

"डायरेक्टर मी हाय का तुमी?"

"तूच बाबा. पर ती रडणार न्हाई."

आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या रानात वैरण कापणाऱ्या चंद्राबाईनं मान वर केली. दिवस मावळायच्या आत गावाला कळलं की हंबीररावाच्या बायकोनं भर दिवसा कुंकू पुसलं.

महिनाभरानं लढाई लागली. आणि लढाईपाठोपाठ तार आली, खरी तार. हंबीरराव जखमी!

"पुसलंस न्हवं? पुसलंस न्हवं तू?" राहीबाई भिंतीवर डोकं आपटत एवढंच म्हणत राहिल्या. शालूला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं... पण धरणी कुठली दुभंगतेय? शेणघाण तशीच पडली होती, म्हैस पान्हावून ओरडत होती. ती उठली आणि धारेला बसली.

हंबीरराव फाल्गुनात घरी आला. डावा पाय अधू, पण जिवंत! तो तर हसायचा. "आये, गोळी काय कपाळ बघून येती व्हय?" पण राहीबाईंचा राग गेला नाही. तार आल्यापासून सुनेशी बोलणं बंद. जे सांगायचं ते म्हशीला सांगायच्या. "सांग गं तुझ्या मालकिणीला, पाणी तापलंय." आणि अंगणात तीन दगड मांडून त्या स्वतःची भाकरी स्वतः थापू लागल्या. कुंकू पुसलेल्या हातचं अन्न त्यांना नको होतं.

ते तीन दगड शालूच्या काळजावरच मांडले होते! इतकी वर्षं त्या माउलीच्या ताटात तिनं भाकरी वाढली होती. उठता-बसता तिची नजर त्या दगडांवर जायची.

फिल्म मुंबईहून धुऊन आली, तेव्हा राहीबाईंनी अन्नच सोडलं. "त्यो तुकडा चुलीत जाईस्तवर पाणी बी घेणार न्हाई." म्हणून कृष्णातानं ब्लेड लावलं, म्हणून शालूनं जाळलं. तिला वाटलं होतं, आता तरी दगड उचलले जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाईंनी पाणी घेतलं, आणि त्याच तीन दगडांवर तवा ठेवला. तुकडा गेला, दीर दुरावला, आणि हात काही शुद्ध झाला नाही. मग जाळलं कशासाठी?... शालूनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भांडं आपटलं. रिकामं होतं, आवाज मोठा झाला. म्हशीशिवाय कुणी मान वळवली नाही.

वैशाखात जोतीरामानं विश्रामबागेत एक हॉल मिळवला, कुणाकडून मशीन मिळवलं. हंबीरराव म्हणाला, "माझ्या नावानं घरात येवढी लढाई झाली, ती बघू तरी द्या मला. चला समदी."

"मी न्हाई येत," राहीबाई म्हणाल्या.

"मी मेलो असतो तर पेटी बघाय आली असतीस न्हवं? मग जित्त्याबरोबर चल की!"

एसटीत राहीबाई म्हशीविना आल्यामुळं सांगलीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

हॉलमध्ये खिडक्यांना घोंगडी लावली होती, भिंतीला पांढरी चादर. कॉलेजची पोरं, पोरी, दोन-चार प्राध्यापक. पहिल्यांदा रीळ उलटं लागलं. शालू डोक्यावर उभी राहून दाणे पाखडू लागली. हशा! मग व्होल्टेज पडलं आणि मशीन कण्हत थांबलं. कृष्णाताचा सदरा घामानं पाठीला चिकटला. त्यानं वहिनीकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी लागलं. पडद्यावर शालू, कपाळावर ठसठशीत कुंकू, सुपात दाणे. दारातून एक हात पुढं येतो, हातात तार... आणि फटकन तीच शालू चुलीपुढं बसलेली, कपाळ मोकळं! मधलं काहीच नाही.

"अरे, बाई कुंकू लावाय विसरल्या!" कुणीतरी ओरडलं.

"पावडर लावताना पुसलं असंल!"

हॉल हसण्यानं फुटला. कृष्णातानं मशीनमागं तोंड लपवलं. अंधारात शालूनं पदर तोंडात कोंबला. ज्या कपाळापायी घर हसलं नाही, बोललं नाही, त्या कपाळावर आता अख्खी सांगली हसत होती! एवढ्यासाठी का रे देवा मी ते पुसलं?

"हसू नगा रं!"

राहीबाई उठल्या होत्या. त्यांची सावली चादरीवर पडली. "हसाय काय झालं? नवरा गेलाय तिचा! मदी तिनं कुंकू पुसलं. ते तुमास्नी दिसलं न्हाई. ते मी जाळाय लावलं!"

"आजी, बसा..." कुणीतरी हळूच म्हणालं. पण राहीबाई बसल्या नाहीत. त्या चादरीकडं वळल्या होत्या.

चादरीवरची बाई भाकरी थापत होती. एक झाली. तिनं सवयीनं दुसरा उंडा घेतला, थापला... आणि हात तसाच थांबला. दुसरी कुणासाठी? तिनं इकडं-तिकडं पाहिलं, कुणी बघत नाही ना, आणि तो उंडा मोडून परत पिठात मिसळला. मग आपलं ताट भिंतीकडं वळवून ती जेवायला बसली.

हॉलमध्ये मशीनचा खडखडाट तेवढा राहिला.

"ह्ये... ह्ये तुला कुणी सांगितलं?" राहीबाई शालूकडं वळल्या. पाच महिन्यांत सुनेला विचारलेला तो पहिला प्रश्न.

शालू उठून त्यांच्याजवळ गेली. "कुणी न्हाई, आत्याबाई. मामंजी गेल्यावर तुमी चुलीम्होरं असायचा. मी परड्याच्या दारात हुते."

"वर्सभर मी... कुणाला म्हाईत न्हाई असं वाटलं हुतं गं मला!"

"व्हय."

"आन् ते मदलं? पुसायचं? ते बी माझंच?"

शालूनं मान डोलावली. "पदर पाण्यात बुडवून तुमीच पुसलंत, कुणाला हात लावू दिला न्हाई. आन् पदराचं तांबडं टोक आत दुमडलंत."

राहीबाई मटकन खाली बसल्या. "समद्या जगात तू एकटीनं बघितलंस... आन् त्येच मी जाळाय लावलं, व्हय गं?"

मशीनपाशी कृष्णात दगड होऊन उभा होता. आपण गोष्ट रचली असं तो समजत होता. त्याची आई आयुष्यभर त्याच्यापुढं वावरली, आणि त्यानं तिला आज पहिल्यांदा पाहिलं, तेही वहिनीच्या अंगातून! त्यानं येऊन शालूच्या पायांवर डोकं ठेवलं. "वैनी, मी तुमास्नी 'रडा' म्हणत हुतो..."

"उठ. लोक बघत्यात," शालू म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

गावी परतल्यावर राहीबाईंनी कृष्णाताला हाक मारली. "त्यो जाळल्याला तुकडा पुन्यांदा काढ."

"वैनींना परत पुसाय सांगणार न्हाई मी, आये."

"तिला कोण सांगतंय? तिचा धनी जित्ता हाय. मी बसते."

कृष्णात घुटमळला. "पर... पुसायला आदी लावाय लागतंय."

हंबीररावानं आभाळाकडं पाहिलं. शालू आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. अंगणाच्या भिंतीवर चंद्राबाईचं डोकं उगवलं, तशा राहीबाई म्हणाल्या, "चंद्रे, आत ये. तिथनं मान मोडंल तुझी."

शालूनं करंड्यात बोट बुडवलं. दहा वर्षं मोकळ्या राहिलेल्या त्या कपाळावर आठ्यांची शेतं झाली होती. तिनं बोट टेकवलं, गोल फिरवलं. राहीबाईंनी डोळे मिटले होते. मग त्यांनी आरसा मागितला.

कृष्णातानं किल्ली दिली. कॅमेरा घरघरू लागला. "पुसा, आये."

ओला पदर कपाळाच्या निम्म्या वाटेवर आला आणि थांबला. राहीबाई आरशात बघत होत्या.

"आये, फिल्म संपंल!"

"संपू दे."

कृष्णात पुन्हा तोंड उघडणार, तोच शालूनं त्याच्या दंडावर हात ठेवला. किल्ली उतरली. घरघर थांबली. अंगणात नुसतं ऊन राहिलं.

"शाले," राहीबाई आरसा न सोडता म्हणाल्या, "भूक लागलीया गं. भाकरी टाक माझी, तुझ्या हातची."

शालू पदरानं डोळे पुसत उठली. दारापर्यंत पोचली तोच मागून आवाज आला, अगदी लहान मुलीनं विचारावं तसा...

"आन् हे... जेवण हुईस्तवर तरी ऱ्हाऊ दे?"