धुक्यातले बासष्ट ठोके

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो नुसता एक आकडा होता. बासष्ट.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. पंपघराच्या वळणावर माझ्या सायकलच्या छोट्याशा मीटरवर हृदयाचं एक इवलंसं चित्र उघडझाप करायला लागलं आणि त्याच्या शेजारी हा आकडा उमटला. मला वाटलं, माझेच ठोके. म्हटलं, वा, आठवड्याभरात काय तब्येत सुधारली आपली. पण मी तर नुकताच चढ चढून आले होते आणि जीभ बाहेर काढायचीच काय ती बाकी होती... बासष्ट ठोके माझे झोपेतसुद्धा नसतील.

माझी ही पहिली रोड बाईक. अरुंद टायर, खाली वळलेलं हँडल, एका हातानं उचलता येईल इतकी हलकी. सेकंडहँड घेतली होती, मीटरसकट. दादानं पाहिल्या पाहिल्या टायर चिमटीत धरून विचारलं, ही चालवायची की सुईत ओवायची? आईची कुरकुर वेगळीच. सायकल घेतलीस ती घेतलीस, पण उजाडायच्या आत बाहेर कशाला तडफडायचं? मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकान नऊला उघडतं, आणि त्याआधी सगळा रस्ता माझ्या एकटीचा असतो. हे घरात कुणाला सांगून कळलं नसतं, म्हणून मी सांगितलंच नाही.

त्या रात्री जेवताना दादाला ठोक्यांचं विचारलं. स्वतःकडे नसलेल्या प्रत्येक यंत्राबद्दल दादाला सगळं ठाऊक असतं. तो म्हणाला, मीटरला ठोके आपोआप कळत नाहीत, छातीला पट्टा बांधावा लागतो. आणि पट्टाही दहा-बारा पावलांच्या आत हवा. मग त्यानं सहज विचारलं, तू पट्टा कधी घेतलास?

मी घेतलाच नव्हता. हातातला घास मी परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानात गेले. जुना मालक आता चालवत नाही, एवढंच मेकॅनिक काका विकताना बोलले होते. का चालवत नाही, ते मी आत्ता विचारलं. काका चाकाच्या तारा ताणत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, पंपघराच्या वळणावर टेम्पोनं उडवलं पोराला. सायकल बाजूला पडली, तिला ओरखडासुद्धा नाही. मी पट्ट्याचं विचारलं.

"तो त्याच्या अंगावरच राहिला," काका म्हणाले.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही.

शहाण्या मुलीनं रस्ता बदलला असता. पण मी शहाणी असते तर आईला एवढी काळजी कशाला लागली असती? दुसऱ्या पहाटे मी त्याच वळणावर पाय टेकवून उभी राहिले. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पंपघराची उंच भिंत, आतून पंपांची घरघर. धुकं इतकं, की माझंच पुढचं चाक मला अर्धं दिसत होतं. आणि मीटरवर बासष्ट.

"कोण आहे?" मी विचारलं.

बासष्ट... सत्तर... अठ्ठ्याऐंशी.

अंगावर सर्रकन काटा आला. मी जी सुटले ती घरी येऊनच थांबले. माझा आजवरचा सगळ्यात वेगवान किलोमीटर मीटरवर त्याच दिवशी नोंदला गेला.

तरी मी परत गेले. कारण नंतर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. माझा आवाज ऐकून कुणाचं तरी काळीज धडधडलं होतं. दुकानात रोज तीस-चाळीस जण माझ्याकडे टक लावून बघतात, पण ते नवा नंबर बरोबर आहे की नाही ते तपासायला. माझ्यामुळे कुणाचे ठोके वाढल्याचं मला तरी माहीत नव्हतं.

मग रोजचंच झालं. मी थांबायची, बोलायची, आणि तो आकड्यांत उत्तर द्यायचा. मी त्याचं नाव बासष्टच ठेवलं. सरळ अरे-तुरे करायची. भुताला कोण अहो-जाहो करतं? दादाच्या फजितीचा किस्सा सांगितला की पंचाहत्तर. एका रविवारी टायर पंक्चर झालं म्हणून जाता आलं नाही, तर सोमवारी विचारलं, "काल वाट पाहिलीस का रे?" चौऱ्याण्णव. मला इतका आनंद झाला, की दिवसभर दुकानात मी लोकांना चुकीच्या फ्रेमा दाखवत होते.

एकदा हेल्मेट काढून मी केस सोडले आणि पुन्हा बांधले. एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नव्हता. मीटरवर एकशे दोन.

म्हणजे तो मला बघत होता...

मी गर्रकन वळले. भिंत. धुकं. कालव्याचं काळं पाणी. माणसाचा मागमूस नाही. मी हेल्मेट पटकन डोक्यावर चढवलं, आणि भीतीबरोबरच मला लाजही वाटत होती, हे कबूल करते.

तीन आठवडे असे गेले आणि मला घास जाईनासा झाला. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि तो जिवंत आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. मुलगा काय करतो, असं आईनं विचारलं तर सांगू काय? पहाटे त्याच्याशी हसायचं आणि दिवसभर त्याच्या मरणाचा विचार करायचा, हे मला झेपेना. दुकानात जाऊन काकांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण काका 'गेला' म्हणाले असते तर? शेवटी मी त्यालाच सांगितलं.

"मी उद्या शेवटची येईन. असशील तर समोर ये. नसशील तर... नसशील तर हा रस्ता मी सोडते."

आकडा एकशे अठरावर गेला आणि मी निघेपर्यंत खाली आला नाही.

दुसऱ्या पहाटे धुकं कालच्याहून दाट होतं. मी वळणावर थांबले. मीटरवर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. मी दोन पावलं पुढे गेले, चार मागे आले. रेघाच. मी त्याला हाक मारली, मग पुन्हा मारली. डोळे भरून आले, तर रेघाही दिसेनाशा झाल्या.

तेवढ्यात भिंतीतलं लहान लोखंडी फाटक करकरलं.

फाटकात, आतल्या दिव्याच्या उजेडात, एक माणूस उभा होता. पांढराफटक चेहरा, खाकी शर्ट, हातात काठी. माझ्यापासून सहा पावलांवर. मी मीटरकडे पाहिलं. दोन रेघा. माझ्यासमोर एक माणूस उभा होता आणि त्याचं हृदय चालत नव्हतं. मी सायकल वळवायला लागले.

"घाबरू नका," तो म्हणाला. "पट्टा काढून ठेवलाय आज. आकड्याच्या आड फार दिवस लपलो... आज म्हटलं, तोंडानं सांगावं."

मग तुटक तुटक, खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपांवर रात्रपाळी करायचा. अपघातात दुखावलेल्या पायाचा व्यायाम करताना ठोक्यांवर लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून पाळी संपता संपता तो पट्टा बांधून आतल्या अंगणात अगदी सावकाश फेऱ्या मारायचा. आपल्या जुन्या सायकलची टिकटिक त्यानं भिंतीपलीकडून ओळखली. मी 'कोण आहे' विचारलं तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली, आणि पुढे रोज चिकटतच गेली. भिंतीला एक जाळीची खिडकी होती. धुक्यात ती मला कधी दिसलीच नव्हती; त्याला मात्र माझ्या सायकलच्या दिव्यात मी दिसायची. अपघाताला आठ महिने झाले होते, तेव्हापासून तो या फाटकातून रस्त्यावर आलाच नव्हता. मागच्या दारानं लांबचा वळसा घालून घरी जायचा.

"तुम्ही रोज यायचात, आणि मी..."

"तुम्ही काय? मी तीन आठवडे तुला अरे-तुरे करतेय."

"तेव्हा मी भूत होतो ना."

मला रडता रडता हसू आलं. हसू ओसरल्यावर रागही आला, पण तो मी संध्याकाळसाठी राखून ठेवला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "हे फाटकाच्या आतून सांगायचं नव्हतं. पण... पाय उचलत नाहीये."

मी सायकल त्याच्यापर्यंत नेली आणि म्हटलं, "धर." त्यानं हँडल धरलं. एक पाऊल बाहेर टाकलं, मग दुसरं. तेवढ्यात धुक्यात लांबवर टेम्पोचे दिवे उमटले. तो जागच्या जागी थिजला. मी त्याचं मनगट पकडलं. ते बर्फासारखं गार होतं आणि माझ्या बोटांखाली नाडी नुसती उसळत होती. मी मोजायला गेले आणि मोजणी चुकले. टेम्पो जवळ आला, आमच्या अंगावर वारा सोडून पुढे गेला.

"गेला," मी म्हटलं.

"गेला," तो म्हणाला, पण बराच वेळ हलला नाही. मग आम्ही सायकल मधे धरून चालायला लागलो, अगदी सावकाश, त्याच्या काठीच्या बेतानं. वळण संपलं तेव्हा उजाडलं होतं. त्यानं सायकल सोडली नव्हती आणि मी त्याचं मनगट.