यंत्राचं पहिलं उत्तर

ठमीने जपून ठेवलेली चाल खेळली, आणि समोरच्या दंतवैद्यबाईंनी क्षणाचाही विचार न करता प्यादं पुढे सारलं.

ही चाल ठमीने आणि तिला बुद्धिबळ शिकवणाऱ्या सरांनी घरच्या लॅपटॉपवर, बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरशी झुंजून तयार केली होती. बाई तर सॉफ्टवेअरच्या वाटेलाही जात नाहीत, हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं. मग तयार उत्तर आलं कुठून? ठमी बिथरली आणि डाव घालवून बसली. उद्या दुसरा डाव. तोही गेला की संघातली जागा गेली.

घरी येताच तिने सरांना फोन लावला.

“सर, तुम्ही बोललात का कुणाला?”

“मी?”

“बाई तुमच्या जुन्या शिष्या आहेत.”

“म्हणून माझीच मेहनत त्यांच्या पदरात टाकू?” सर दुखावले. “तूच शोध. पटलं की फोन कर.”

बाबा शेजारीच बसले होते. परवाच बसवलेली कवळी टोचत होती, म्हणून पाव दुधात बुडवून खात होते. “मला तो माणूस कधीच पटला नव्हता,” ते म्हणाले.

ठमीने लॅपटॉप उघडून डाव मांडला. पडद्यावर लगेच यंत्राने सुचवलेल्या उत्तराचा हिरवा बाण उमटला.

“बघ, प्यादंच! यंत्राने सांगितलं ना? मिटव आता.” बाबांनी झाकणाकडे हात नेला.

“चालू राहू दे.”

ठमी भांडी घासून आली. तोवर बाण हलला होता. यंत्र आता म्हणत होतं, घोडा खेळा. प्यादं पुढे गेलं तर डाव ठमीचाच. म्हणजे बाईंनी चुकीची चाल खेळूनही ती हरली होती, निव्वळ घाबरून.

मग ती बाबांकडे वळली.

“बाबा, कवळी कुणाकडे बसवलीत?”

“दवाखान्यात.”

“कुणाच्या?”

“बाईंच्याच,” बाबा पुटपुटले.

“सर यंत्राला तासभर विचार करू देतात,” ठमी म्हणाली. “त्यांच्याकडून फुटलं असतं तर बाईंनी घोडा खेळला असता. बाई स्वतः यंत्र लावत नाहीत. त्यांना कुणीतरी पहिलंच उत्तर नेऊन दिलं. या घरात पहिला बाण बघून झाकण मिटवणारं माणूस एकच आहे.”

बाबांनी मान खाली घातली. “मांडीवर बसवून खेळायला मी शिकवलं तुला. आता जो तो तुझ्या सरांचं नाव घेतो. वाटलं, त्याची चाल फसली की तू माझ्या पद्धतीकडे परत येशील. तू हरावंस असं मनात नव्हतं गं.”

“पण हरले ना मी! आणि सरांवर आळ घेतला, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. उलट तेलच ओतलंत.”

परक्याने केलं असतं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. इथे तिला नुसतं रडू आलं. डोळे पुसून तिने सरांना फोन केला, माफी मागितली आणि लॅपटॉप काखेत मारून सरांकडे निघाली.

“उद्या काय खेळणार आहेस?” बाबांनी मागून हळूच विचारलं.

लहानपणापासून प्रत्येक डावाआधी ते हेच विचारायचे, आणि ती पोपटासारखी सगळं सांगून टाकायची.

“उद्या कळेल,” ठमी म्हणाली आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.