टाकीतली पातळी

पशुपेशी आणि आनुवंशिकतेवरचं चर्चासत्र दहाला सुरू व्हायचं होतं आणि सव्वाआठला संचालक ओरडत होते, "चोरी! माझी नळी गेली!"

एका वाणाची शेवटची गाय मेली, तेव्हा तिच्या कानाच्या कातडीतून पेशी वाढवल्या होत्या. त्यांची उरलेली एकुलती नळी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेली होती. संचालकांचं आजचं भाषण तिच्यावरच. संचालकांनी मात्र जन्मात गाईच्या कानाला हात लावलेला नव्हता.

त्यांनी वहिनींना बोलावून घेतलं; त्या खासगी तपास करत. सोबत दीर, म्हणजे भाऊजी.

"टोळीचं काम, वहिनी."

"टोळी नंतर, भाऊजी. आधी टाकी बघू."

टाकीत चारशे नळ्या. बाकी एकही हललेली नव्हती. खोलीची किल्ली कचेरीत खिळ्याला, कुणीही घ्यावी. फळ्यावर हुकूम होता: नळ्यांवरचं हातानं लिहिलेलं आज स्पिरिटनं पुसून छापील चिठ्ठ्या लावाव्यात.

नोंदवहीत पातळी काल संध्याकाळी अठरा सेंटीमीटर, आज सकाळी सव्वीस.

"आकडे कुणाचे?"

"माझे," सहायक म्हणाला. "पट्टी बुडवून मोजतो. आज पाहुण्यांचे बिल्ले करायचे होते. आकडा लिहिला नि पळालो."

"नायट्रोजन तू भरलास?"

"छे! ते टाकीमामांचं काम."

तीस वर्षं टाकी सांभाळणारे मामा दारात उभे होते. "मी काल पाचला घरी गेलो, बाई. आत्ता येतोय."

"त्याला कशाला छळता?" संचालक म्हणाले. "त्याची पोरगी इथंच संशोधन करायची. वर्षापूर्वी वारली. या पेशी वाढवायला तीही होती... मदतीला."

"भाषणात तिचं नाव?"

"मदतनिसांची नावं कुठंकुठं घालणार!"

वहिनींनी खोलीचं दार लावून घेतलं.

"नायट्रोजन उडून जातो. पातळी उतरते, आपोआप चढत नाही. इथं आठ सेंटीमीटर चढली. म्हणजे चोरानं नळी काढली आणि उरलेल्यांना धोका नको म्हणून टाकी भरली. सहायकानं भरली असती, तर स्वतःच सव्वीस लिहून कशाला अडकला असता? संचालकांना तर नायट्रोजनचा डबा कुठं असतो तेही ठाऊक नसेल. आणि आजच का? कारण आज अक्षरं पुसली जाणार होती. मामा, नळीवर काय लिहिलं होतं?"

मामांनी खिशातून बोटाएवढी नळी काढली. आतलं वितळून गेलेलं.

"तिचं नाव. तिनंच लिहिलेलं. चर्चासत्राच्या पुस्तिकेतनं गेलं, भाषणातनं गेलं. अर्ज केला, ही एक पुसू नका. साहेब म्हणाले, नियमात बसत नाही. पहाटे येऊन काढली."

"पेशी मारल्यास, गाढवा!" संचालकांनी फोन उचलला. "पोलिसांनाच बोलावतो."

"बोलवा," वहिनी म्हणाल्या. "पंचनाम्यात नळीवरचं नाव येईल. पेशी कुणी वाढवल्या, ते पाहुण्यांनाही कळेल."

फोन खाली गेला.

दहाला संचालकांनी तोंड कडू करून पहिल्याच वाक्यात त्या मुलीचं नाव घेतलं. भाऊजी सांगायला धावत आले.

मामा टाकीपाशी बसले होते, नळी मुठीत धरून. त्यांनी ऐकून घेतलं. मग, वितळून मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे दरवर्षी नव्या पोरांना शिकवणारा तो माणूस भाऊजींना विचारू लागला,

"पुन्हा गोठवल्या तर जगतील का हो?"