तळाशी ठेवलेले चार घास

शुद्धलेखनाच्या चुका असतील, सांभाळून घ्या. शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. ही गोष्ट मुळा धरणाच्या काठावर, अंधार पडल्यावर, वाल्मिकआबांनी आम्हा पोरांना सांगितली. ज्याच्या बाबतीत घडली तो अंगद आबांचा सख्खा पुतण्या, त्यामुळे खोटं म्हणायची सोय नाही.

अंगद आणि जस्टिन यांची मासेमारीची होडी भागीदारीतली. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे ओढायचं. मधली रात्र होडीतच काढायची, कारण काठावर गेलं की माशांसकट जाळं चोरीला. होडीत भाकरी कुठं थापणार? छोट्या गॅसवर एकाच पातेल्यात डाळतांदळाची खिचडी शिजवायची, सोबत फोडलेला कांदा. अंगदला आईची शिकवण होती, रात्री भांडं रिकामं ठेवू नये. म्हणून तो तळाशी चार घास ठेवायचा. सकाळी चहाबरोबर तेच खायचं.

पण आठ दिवस झाले, सकाळी पातेलं रिकामं.

"जस्टिनदादा, भूक लागली तर सांगत जा की. चोरून कशाला?"

"मी? आरं, मला वाटलं तूच खातूस! पोट बघ जरा तुजं."

अंगद हसला नाही. जो खिचडी चोरतो तो मासेही परस्पर विकत असेल, असं त्याच्या डोक्यात बसलं. बारा वर्षांची भागीदारी मोडायची आणि मेव्हण्याला होडीत घ्यायचं, हे त्यानं बायकोला, विजयमालाला, सांगूनही टाकलं. फक्त एकदा रंगेहाथ धरायचं होतं. त्यासाठी त्यानं राहुरीतून लवंगी मिरचीची पूड आणली.

गेल्या साली सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. सोमवार, पौष वद्य त्रयोदशी. आठ दिवस जाळं जुन्या गावठाणावरच पडत होतं. धरण झालं तेव्हा ते गाव घरादारासकट पाण्याखाली गेलं, ते तिथंच.

जेवून जस्टिन घोरायला लागला. अंगदनं उरलेल्या खिचडीत मूठभर पूड कालवली, पातेलं मागच्या फळीवर झाकून ठेवलं आणि जस्टिनशेजारी घोंगडी ओढून पडला. डोळे मात्र उघडे.

अडीचच्या सुमारास झाकण वाजलं.

मग पळी. तळ खरवडल्याचा आवाज.

अंगद अंधारात हसला. खा म्हणाला, खा लेका.

आणि ठसका लागला.

"घावलास!" अंगदनं शेजारी हात टाकला...

हात जस्टिनच्या छातीवर पडला. छाती संथ वरखाली होत होती. जस्टिन गाढ झोपेत होता.

मागच्या फळीवर पुन्हा ठसका. बारीक. म्हाताऱ्या बाईचा असावा तसा...

चारी बाजूंनी मैलभर पाणी. होडीत माणसं दोन.

"पानी..."

अंगदनं घोंगडी तोंडावर घेतली.

"पानी दे रं, लेकरा... लई तिखट हाय..."

तो हलला नाही. हलताच आलं नाही. ठसका बराच वेळ चालला. मग थांबला.

मग घासल्याचा आवाज. घस... घस... बाई दारात बसून भांडं घासते तसा.

मग काहीच नाही.

(आबांनी इथं धरणाकडं बघितलं. आम्ही पोरं काठापासून मागं सरकलो.)

उजाडलं तेव्हा पातेलं फळीवर पालथं होतं. आरशासारखं लख्ख. अंगदनं ते उचललं. काठाला राख लागली होती. गोवऱ्यांची, चुलीतली राख. कोरडी. बोट लावलं तर अजून कोमट.

होडीत चूल कधीच नव्हती.

जस्टिन डोळे चोळत उठला. "ही राख कुठनं आनली रं?"

"दादा, माजं चुकलं. तुमी न्हाई खाल्लं."

"मी तर आठ दिस तेच सांगतोय! आन् राख?"

अंगदनं गॅस पेटवला. जाळं तसंच पाण्यात राहू दिलं आणि आधी भात लावला. मऊ, बिनमिरचीचा. वर गुळाचा खडा ठेवला. पातेलं मागच्या फळीवर झाकून ठेवलं.

"आता हे कुनाला?" जस्टिननं विचारलं.

अंगदनं धरणातच तांब्या बुडवला, भरला, आणि पातेल्याशेजारी ठेवला.

मग दोघांनी जाळं ओढायला घेतलं. मागं वळून बघितलं नाही.